लॉकरचा सुस्कारा

स्टेनव्हरच्या पायाला भिंगरी आहे, हे क्लेटावीक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छप्पन्न वर्षांची बाई, पण चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ही पुढच्या बाकाचा सैल झालेला स्क्रू नखाने पिळत असते. पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात सकाळी सगळं गाव गळ्यापर्यंत बुडून निवांत गप्पा मारतं. ही पाच मिनिटांत बाहेर, आणि कठड्यावर उकिडवी बसून तोटी का ठिबकते ते बघायला लागते. एका हिवाळ्यात तिने नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. विणला, उसवला, पुन्हा विणला, पुन्हा उसवला, आणि शेवटी ती लोकर बोटीच्या इंजिनाच्या पाइपाला गुंडाळून टाकली. "पाइपाला अगदी मापात बसलाय," असं तिचा नवरा एविंदुर अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

पण मार्चमधल्या त्या शनिवारी तिची चुळबूळ निराळी होती. बचाव पथकाच्या शेडमध्ये मोठ्या पिकअपच्या खाली ती पाठीवर पडली होती. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरेन्शियल दोन दिवसांत दुसऱ्यांदा उघडलं होतं, आणि आत काही म्हणजे काहीच सापडत नव्हतं. बिघाड सापडला नाही तर दुसरं कुणी वैतागलं असतं. स्टेनव्हरला मात्र भीती वाटत होती. कारण बिघाड तिच्या हातचा निघाला, तर जानेवारीत तिने एका भल्या माणसाचं नाव उगाच मातीत घातलं होतं.

तो भला माणूस म्हणजे ओर्मार. मेंढ्या पाळतो, कमी बोलतो. बावीस वर्षं पथकाची गाडी त्यानेच चालवली. हिवाळ्यात मेलहेडीच्या पठारावरचा रस्ता बंद झाला की आमच्या खाडीतून बाहेर पडायला ती एकच गाडी, आणि त्या गाडीला तो एकच चालक. स्टेनव्हर गाडी राखायची, ओर्मार चालवायचा. दोघांमध्ये दिवसाला दहा वाक्यांच्या वर बोलणं होत नसे, आणि त्यातली आठ स्टेनव्हरची असत.

नवी गाडी आली मागच्या शरद ऋतूत. नववर्षाच्या रात्रीसाठी पथक फटाके विकतं, त्यातूनच ती घेतली. त्यामुळे गावातला प्रत्येक जण तिच्याकडे स्वतःची गाडी असल्यासारखा बघतो आणि सल्ले देतो. टायर कमरेच्याही वर येणारे. सगळं होतं, फक्त मागच्या चाकांना लॉकर नव्हता. साध्या गाडीचं एक चाक मऊ बर्फात गेलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते. ते गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. लॉकर असला की बटण दाबायचं, हवेचा दाब बारीक नळीतून डिफरेन्शियलच्या पोटात जातो, आत 'टक' असा आवाज होतो, आणि दोन्ही चाकं एकसारखी फिरू लागतात. बटण सोडलं की ती हवा झडपेतून बाहेर पडते. तेव्हा गाडी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करते.

दक्षिणेत जाऊन बसवून आणा, असं सगळे म्हणत होते. स्टेनव्हर म्हणाली, "मासळीच्या कारखान्यातली यंत्रं तीस वर्षं मी उघडतेय. हे काय मोठं लागून गेलंय?"

मोठंच होतं ते. सहा संध्याकाळी गेल्या. दात्यांमध्ये केसभर फट हवी. पातळ चकत्या घालून बघायची, काढायची, दात्यांना पिवळी पेस्ट फासून ठसा बघायचा, पुन्हा सगळं खोलायचं. तांब्याची नळी वाकवताना दोन नळ्या मोडल्या. सातव्या संध्याकाळी 'टक' झालं, तेव्हा तिने गाडीखालूनच अशी आरोळी ठोकली की बंदरावरची कुत्री भुंकायला लागली.

आणि मग जानेवारी आला. शाळेची स्वयंपाकीण इंगुन हिच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स असावं असं नर्सने फोनवर सांगितलं, पठार बंद, वादळ सुरू. ओर्मार तिला घेऊन निघाला. पठारावरच्या ओघळीत मागचं चाक खचलं. त्याने लॉकरचं बटण दाबलं, बटणावरचा दिवा लागला, आणि चाक नुसतंच गरगरत राहिलं. एकट्याने फावड्याने बर्फ उपसून गाडी काढायला तीन तास गेले. पलीकडच्या रस्त्यावर रुग्णवाहिका ताटकळत उभी, आणि इकडे इंगुनचं अपेंडिक्स गाडीतच फुटलं. बाई वाचली, पण पाच आठवडे दवाखान्यात काढून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेडमध्ये जमले. स्टेनव्हरने बटण दाबलं. टक. सोडलं. सुस्कारा. पुन्हा दाबलं. टक. दहा वेळा केलं, दहा वेळा बिनचूक.

"काल नव्हतं होत," ओर्मार म्हणाला. "आणि बटण सोडलं तेव्हा सुस्काराही आला नाही."

"वादळात तुला सुस्कारे ऐकू येतात होय?" स्टेनव्हर म्हणाली. रात्रभर झोप नव्हती, आणि सगळे तिच्या कामाकडे बघत होते. "बटण दाबताना पेडलवरचा पाय उचलायचा असतो. चाक फिरत असताना लॉकर बसत नाही. घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही, त्यात काय एवढं."

ओर्मारने खिशातून किल्ली काढली, कॉफीच्या थर्मासशेजारी ठेवली आणि तो निघून गेला. तेव्हापासून गुरुवारच्या सरावाला तो आला नाही. सकाळच्या गरम कुंडातही आला नाही, आणि आमच्याकडे जो माणूस कुंडात येत नाही त्याच्याबद्दल कुंडात बोललं जातं. आठवडाभरात 'घाबरलेल्या माणसाला'चं 'ओर्मार घाबरला' झालं, आणि महिन्याभरात तर ओर्मार कसा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, हे तिथे नसलेली माणसं सांगू लागली.

स्टेनव्हरने ते ऐकलं. गप्प बसली. तिच्या डोक्यावर खापर फुटलं नव्हतं, एवढंच तिला तेव्हा पुरेसं होतं. ही गोष्ट तिच्या बाजूने सांगायची असली तरी हे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी सराव झाला. गाडी आता पथकाची प्रमुख डागब्यर्त चालवत होती आणि शेजारी स्टेनव्हर होती. पठारावर उणे चौदा, वारा पडलेला, आकाश स्वच्छ. डागब्यर्तने मुद्दाम चाक मऊ बर्फात घातलं, पाय उचलला, बटण दाबलं. दिवा लागला. हळूच पेडल दाबलं. चाक गरगरलं.

"मी पाय उचलला होता," डागब्यर्त म्हणाली. "बघितलंस ना?"

"बघितलं."

"मी घाबरलेली दिसते का गं तुला?"

स्टेनव्हरने फावडं उचललं. बर्फ उपसून दोघींनी गाडी काढली. शेडमध्ये आणून धुतली, उभी केली, तासाभराने बटण दाबलं. टक. सुस्कारा. तिला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली, आणि खरं सांगायचं तर तिने घातलीही.

"सोमवारी रस्ता उघडला की ट्रेलरवर चढवून दक्षिणेत पाठवते," डागब्यर्त म्हणाली. "तिकडचे लोक रोज हीच कामं करतात. तुझ्यावर राग नाही, स्टेनव्हर. पण पुढच्या वेळी माणूस मेलं तर?"

त्यामुळे शुक्रवार आणि शनिवार. तेल काढलं, एक्सल ओढले, सगळा गोळा बाहेर घेतला. सील, रिंगा, नळी. नळीत दाब भरून साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा येईना. दात्यांतली फट तिने सोडली होती तेवढीच. मग तिने बॅटरी घेऊन लॉकरच्या खाचा एक-एक करून तपासल्या, आणि तपासता तपासता तिच्या लक्षात आलं की आपण बिघाड शोधत नाही आहोत. आपण ओरखडा शोधतो आहोत. जानेवारीत ओर्मारने फिरत्या चाकावर बटण दाबलं असेल, तर खाचांच्या कडा दुखावल्या असतील, आणि त्या दुखावल्या म्हणूनच आता बसत नसतील. असा एक ओरखडा मिळाला की सगळं खापर पुन्हा जिथल्या तिथे. तिने तीन वेळा बघितलं. खाचा नव्यासारख्या चकचकीत होत्या. तिला स्वतःची लाज वाटली. बॅटरी बंद करून ती गाडीखालीच थोडा वेळ पडून राहिली.

रविवारी दुपारी सगळं परत बसवून ती तेल भरत होती, तेव्हा एविंदुर कॉफी आणि डबाभर तळलेले गोड क्लाइनुर घेऊन आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला.

"मला काही दिसत नाहीये," तो म्हणाला.

"पूस की मग चष्मा."

"पुसला. पुन्हा धरली वाफ. काय न्हाणीघर करून ठेवलंयस हे!" त्याने चष्मा काढून स्वेटरला पुसला आणि तिच्याकडे मिचमिच्या डोळ्यांनी बघितलं. "नुसत्या शर्टावर बसता येईल एवढं गरम आहे इथे. ही गाडी आजारी पडते कुठे?"

"पठारावर."

"आणि तू तपासतेस कुठे?"

"इथे. मग काय रस्त्यावर उघडू?"

"मी मासेमार माणूस," एविंदुर म्हणाला, "मला काय कळतंय. पण जो माणूस समुद्रावर ओकतो, त्याला घरी पलंगावर झोपवून 'बरा दिसतोस की' म्हणायचं, असं चाललंय तुझं."

स्टेनव्हरने त्याच्या हातातला डबा घेतला, दोन क्लाइनुर एकदम तोंडात कोंबले आणि शेडचं दार सताड उघडलं. तिला शहाणपण आवडतं, पण ते नवऱ्याकडून आलं की घास चावत असताना ऐकलेलं बरं असतं.

पठाराच्या सुरुवातीला, जिथे बर्फ हटवणारं यंत्र मागे वळतं, तिथे तिने गाडी उभी केली आणि दोन तास तशीच गोठू दिली. ती स्वतः गाडीत बसू शकली असती. बसली नाही. गाडीभोवती फेऱ्या मारून तिने बर्फात एक वाट तुडवली. मग आत जाऊन बटण दाबलं. दिवा लागला. टक नाही. तिच्या हातांना बरं वाटलं. बिघाड अखेर समोर आला होता.

तिने इंजिन बंद केलं, खिडकी उघडली आणि बटण सोडलं.

पठारावर अशी शांतता होती की दूरवर एक कावळा पंख झटकत होता तो ऐकू येत होता. पुढे झडप हलल्याचा बारीक टिक आवाज आला. त्यानंतर काही नाही. सुस्कारा नाही.

पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. नाही.

'बटण सोडलं तेव्हा सुस्काराही आला नाही.' ओर्मार थर्मासजवळ उभा होता, टोपी हातात होती, आणि त्याने हे सांगितलं होतं. बावीस वर्षं जो माणूस दिवसाला दोन वाक्यं बोलत होता, तो त्या दिवशी नेमकं कामाचं वाक्य बोलला होता. हवा आत गेलीच नाही तर बाहेर काय पडणार! त्याने बिघाड ओळखून तिच्या हातात ठेवला होता, आणि तिने सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली होती.

बटण पुन्हा चालू करून ठेवून ती बर्फात पालथी पडून गाडीखाली शिरली. झडपेपाशी नळी सैल केली; हवा जोरात आली. डिफरेन्शियलपाशी सैल केली, फुंकरही नाही. म्हणजे मधेच कुठेतरी बूच. नळी डिझेलच्या टाकीमागे खाली उतरून पुन्हा वर चढत होती. दगड लागू नयेत म्हणून तिनेच ती तिथे खाली ओढून नीटनेटकी पट्ट्यांनी बांधली होती. सगळ्यांत खालच्या जागी तिने चाकूने नळी कापली आणि पिळली. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा स्वच्छ बर्फाचा तुकडा तिच्या हातमोज्यावर पडला.

हातमोजा काढून तिने तो तळहातावर धरला. तो वितळेपर्यंत ती हलली नाही, आणि स्टेनव्हरच्या बाबतीत ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. मग तिने ओला हात नाकाशी नेला. पुसट, अगदी पुसट, कुजक्या अंड्याचा वास. आमच्या नळाला जमिनीखालचं गरम पाणी येतं, त्याचा वास. आम्हाला तो एरवी येतही नाही. जन्मापासून त्यातच अंघोळ.

डोंगरातल्या बर्फाला तो वास नसतो. हे पाणी शेडमधलं होतं.

परत आल्यावर ती शेडच्या भिंतीपुढे उभी राहिली. तिथे प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता, तिच्याच ठसठशीत अक्षरात. फेरीहून आलेली गाडी आल्या आल्या गरम पाण्याने धुवावी, रस्त्यावरचं मीठ राहू देऊ नये. दार बंद ठेवावं, ऊब घालवू नये. धूत असतानाच कॉम्प्रेसर चालू करून टायर आणि हवेची टाकी पूर्ण भरावी, म्हणजे गाडी पुढच्या हाकेला तयार. खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा.

बारा वर्षं हा कागद तिथे होता. बारा वर्षं सगळ्यांनी तो पाळला, आणि कुणी पाळला नाही तर तिने त्याची खरडपट्टी काढली. गरम पाण्याने धुताना शेडमध्ये हात समोर धरला तर दिसत नाही एवढी वाफ होते, आणि कॉम्प्रेसर नेमकी तीच वाफ ओढून टाकीत कोंबत होता. जुन्या गाडीला त्याचं काही वाटलं नाही. टायरमध्ये चार थेंब गेले तर टायर तक्रार करत नाहीत. पण लॉकरची नळी गवताच्या काडीएवढी. वाफेचं पाणी व्हायचं, पाणी त्या खालच्या वळणात साठायचं, पठारावर गोठायचं. आणि गाडी शेडच्या उबेत आली की वितळायचं, टक व्हायचं, सुस्कारा यायचा, आणि स्टेनव्हर ओर्मारला घाबरलेला म्हणायची.

ती जितकी झटून गाडी तयार ठेवत होती, तितकी ती बिघडत होती. तिने कागद ओढून काढला. चारही कोपरे चिकटवले होते, तिनेच, घट्ट. भिंतीचा रंगही निघून आला.

डागब्यर्तला तिने फोनवर सगळं सांगितलं. "ट्रेलर नको पाठवू," ती म्हणाली.

"बरं," डागब्यर्त म्हणाली. "आणि ओर्मार?"

"जातेय सकाळी."

सोमवारी सकाळी ओर्मार गोठ्यात मेंढ्यांना गवत टाकत होता. दीडशे तोंडं एका लयीत चावत होती. स्टेनव्हर दारात उभी राहिली, टोपी काढली, पुन्हा घातली, कुंपणाची एक फळी हलते का ते हलवून बघितलं.

"फळी ठीक आहे," ओर्मार म्हणाला. "काय काम काढलंस?"

तिने सांगितलं. चष्मा, पठार, बर्फाचा तुकडा, वास, कागद. एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि ओर्मारचा गवत उचलायचा काटा एकदाही थांबला नाही.

"तुझी काही चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली. "चूक माझी होती. तुझी माफी मागायला आलेय."

"माझी चूक नव्हती हे मला ठाऊक होतं."

"मग भांडला का नाहीस? एवढे दिवस मूग गिळून बसलास!"

ओर्मारने काटा भिंतीला टेकवला. "बोललो होतो की. सुस्कारा आला नाही म्हणालो होतो." तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "एकदा सांगितलं. अख्ख्या शेडसमोर सांगितलं. तू नुसती बोलत होतीस. त्याहून मोठ्याने सांगायची मला सवय नाही, स्टेनव्हर."

एक मेंढी तिच्या जाकिटाची बाही चघळायला लागली; तिने ती चघळू दिली.

"मला काय सांगतेस," ओर्मार म्हणाला. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. कुंडात सांग. तिथेच सगळं शिजलं."

"सांगते. आणि किल्ली? घेशील परत?"

"बघू," ओर्मार म्हणाला आणि काटा पुन्हा उचलला.

मंगळवारी सकाळी सात वाजता कुंडात सहा डोकी होती. बाहेर उणे नऊ, केसांवर दव गोठलेलं, वाफेत चेहरे येत-जात होते. इंगुनही होती; दवाखान्यातून आल्यापासून ती रोज येत असे आणि आपला व्रण सगळ्यांना दाखवत असे. स्टेनव्हर पाण्यात उतरली, भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मला एक सांगायचंय, आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी उठून जाईन."

तिने सांगितलं, अगदी भिंतीवरच्या कागदापर्यंत. थट्टा केल्याचंही सांगितलं.

"थांब," इंगुन म्हणाली. "मी त्या गाडीत तीन तास पोट धरून कण्हत होते, ते तुझ्या स्वच्छतेपायी?"

"हो."

"ओर्मार घाबरला म्हणून नाही?"

"ओर्मारने सगळं बरोबर केलं. बिघाड काय आहे तेही त्यानेच सांगितलं. मी ऐकलं नाही."

इंगुन पाण्यातून थोडी पुढे सरकली. "फावडं मारता मारता तो दर दहा मिनिटांनी येऊन माझा हात धरत होता," ती म्हणाली. "'आता निघतोच' म्हणत होता. हात गार, पण थरथरत नव्हता. हे मी सांगायला हवं होतं. तुम्ही सगळे इतक्या रंगात येऊन सांगत होता की मला वाटलं, मलाच तापात भास झाला असेल."

बंदरावरचा एक म्हातारा खोकला. स्टिअरिंगवर डोकं टेकल्याची गोष्ट सगळ्यांत छान तोच सांगायचा. "पाच मिनिटं झाली स्टेनव्हर," तो म्हणाला. "तुझी उठायची वेळ झाली."

"आज नाही उठणार. अजून कुणाला काही विचारायचंय?"

विचारायचं होतं. नळीचं, टाकीचं, आणि आता धुवायचं की नाही याचंही. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. टाकी आता बाहेर, कोरड्या थंडीत भरायची, शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू करायचाच नाही, टाकीतलं पाणी दर वेळी खालच्या तोटीने काढायचं, आणि नळी सरळ चढती बसवायची. कुंडाची तोटी ठिबकत होती. तिने तिकडे बघितलं नाही. चाळीस मिनिटं ती बसली, बोटांना सुरकुत्या पडल्या, तोंड लालबुंद झालं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाफेमुळे की कशामुळे, हे कुणी विचारलं नाही.

गुरुवारी सरावाच्या वेळी ओर्मार शेडमध्ये आला. कुणी फार गडबड केली नाही. डागब्यर्तने कॉफी ओतली, दुसऱ्या कुणीतरी धुरावलेल्या मटणाचे पाव सरकवले. किल्ली थर्मासशेजारी होती. ओर्मारने पाव खाल्ला, हात पुसले, किल्ली उचलली.

"एक अट आहे," तो म्हणाला. "मी चालवेन तेव्हा शेजारच्या सीटवर स्टेनव्हर. दर खेपेला."

"मी?" स्टेनव्हर म्हणाली. "अरे, पण पठार पार करायला पाच-पाच तास लागतात! मी काय करू तिथे बसून?"

"काही नाही करायचं," ओर्मार म्हणाला.

सगळे हसले. ती नाही हसली, पण गाडीत जाऊन बसली.

पठारावर उणे सोळा होतं. शेड ते ओघळ या वाटेत स्टेनव्हरने सीटचा पट्टा अकरा वेळा काढला-घातला, काच पुसली, समोरचा कप्पा उघडून आतले नटाचे पाने मापाप्रमाणे लावले. जानेवारीतल्याच जागी ओर्मारने मागचं चाक बर्फात घातलं. चाक खचलं, गाडी तिरकी झाली. त्याने पाय उचलला. बटण दाबलं.

टक.

त्याने हळूच पेडल दाबलं, आणि दोन्ही चाकं एकदम फिरली. गाडी जड पावलांनी वर आली, जणू काही झालंच नव्हतं. पलीकडे सपाटीवर त्याने ती थांबवली, इंजिन बंद केलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. थंडी आत आली. स्टेनव्हरचा हात पुन्हा पट्ट्याकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

ओर्मारने बटण सोडलं. खाली, बर्फाजवळ, गाडीने एक लांब सुस्कारा टाकला.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"पुन्हा ऐक," ओर्मार म्हणाला, आणि त्याने परत बटण दाबलं.